दाखला कोणाच्या नावावर? लहान शेतकऱ्यासाठी सेंद्रिय प्रमाणीकरणाची वाट, पायरीपायरीने

आमच्या वर्धा जिल्ह्यात सेंद्रिय प्रमाणीकरणाची चौकशी करायला येणारा शेतकरी बहुतेक वेळा पहिला प्रश्न खर्चाचा विचारतो आणि दुसरा भावाचा. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण गेली काही वर्षे एका शेतकरी गटाच्या नोंदी सांभाळताना माझे मत असे झाले आहे की या दोहोंच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा: मिळणारा दाखला कोणाच्या नावावर असणार? कष्ट आपले, वावर आपले, तीन वर्षांची घट आपण सोसलेली, आणि दाखला मात्र दुसऱ्याच्या कपाटात, असे झाले तर त्या दाखल्याचा भावही दुसऱ्यालाच मिळतो. पुढची सगळी माहिती हा प्रश्न मनात ठेवून वाचावी.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. प्रमाणीकरण म्हणजे धान्याची प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे. चाचणी होते, परंतु ती पडताळणीपुरती. प्रमाणित केली जाते ती पिकवण्याची पद्धत: कोणते बियाणे आले, कोणते खत पडले, शेजारच्या वावरातून काय आले, माल कुठे साठवला आणि कोणाला विकला. म्हणून ज्याच्याकडे नोंदी नाहीत त्याचे शेत कितीही शुद्ध असले तरी त्याला दाखला मिळत नाही. घरच्या शेणखतावर जन्मभर शेती केलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे सांगताना वाईट वाटते, पण व्यवस्था अशीच आहे.

आधी गिऱ्हाईक, मग दाखला

आपल्या देशात सेंद्रिय दाखल्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. पहिली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, म्हणजे एनपीओपीची. हा कार्यक्रम 2001 पासून केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतो आणि त्याचे काम अपेडा हे शेतमालाच्या निर्यातीचे केंद्रीय प्राधिकरण पाहते. यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि निर्यातीसाठी हीच वाट लागते. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत. ही कृषी मंत्रालयाची असून गाझियाबाद येथील राष्ट्रीय केंद्रामार्फत चालते. यात शेतकरीच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात, आणि प्रादेशिक परिषद त्यांच्या निर्णयावर शिक्कामोर्तब करते. पीजीएसचा दाखला देशांतर्गत बाजारासाठी आहे. तो निर्यातीला चालत नाही.

तिसरी वाट दाखल्याशिवायची आहे, आणि ती अनेकांना ठाऊकच नसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असलेला लहान मूळ उत्पादक किंवा उत्पादकांची संस्था आपला माल थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणीकरणातून सूट आहे. मात्र अशा मालावर ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह लावता येत नाही. नागपुरात ओळखीच्या चाळीस घरांना तूरडाळ आणि जवस पोहोचवणाऱ्या माणसाने एनपीओपीच्या मागे लागून पैसे घालवण्याचे कारण नाही. त्याने अन्नसुरक्षेची नोंदणी करावी, ग्राहकांना शेतावर बोलवावे आणि नोंदवही नीट ठेवावी.

म्हणून अर्ज करण्याआधी बसून लिहावे: माझा माल तीन वर्षांनी कोण घेणार आहे? शहरातील थेट ग्राहक असतील तर सूट किंवा पीजीएस पुरेसे आहे. मुंबई-पुण्याची सेंद्रिय दुकाने असतील तर पीजीएसवर त्यांचे भागते की एनपीओपीच लागते, हे त्यांनाच विचारून घ्यावे. निर्यातदार किंवा सेंद्रिय कापसाची जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) असेल तर एनपीओपीला पर्याय नाही. आणि माल शेवटी बाजार समितीच्या आवारातच जाणार असेल, तर तिथे सेंद्रिय तुरीची वेगळी ढेरी लागत नाही. लिलावात दाखला कोणी पाहत नाही. अशा वेळी दाखल्यामुळे फक्त खर्च वाढतो.

निर्यातीचा विचार करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. अमेरिकेने आपल्या एनपीओपीच्या तपासणीला 2006 पासून दिलेली मान्यता जानेवारी 2021 मध्ये काढून घेतली आणि जुलै 2022 पर्यंतची मुदत दिली. त्यानंतर अमेरिकेला माल पाठवायचा तर तेथील नियमांप्रमाणे थेट वेगळे प्रमाणीकरण करावे लागते. युरोपीय संघाचा 2018/848 क्रमांकाचा नवा कायदा 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याचा आपल्याशी संबंध काय, ते पुढे गटाच्या मुद्द्यात येईल.

गट बांधणे: सगळ्यात सावकाश करायचे काम

दोन-तीन एकरवाल्याने एकट्याने एनपीओपी करणे परवडत नाही. अर्ज, तपासणीसाचा दिवस, त्याचा प्रवास, दाखला, नमुन्याची चाचणी असा प्रत्येक खर्च शेत दोन एकरांचे असो की दोनशे एकरांचे, जवळपास तेवढाच येतो. म्हणूनच गट प्रमाणीकरण आले. एनपीओपीत गटाला किमान 25 आणि कमाल 500 शेतकरी लागतात. पीजीएसमध्ये एकाच किंवा लगतच्या गावांतील 5 शेतकऱ्यांचा गटही पुरतो.

एनपीओपीच्या गटाला अंतर्गत नियंत्रण व्यवस्था उभी करावी लागते. गटाचेच प्रशिक्षित निरीक्षक प्रत्येक सदस्याच्या शेताला वर्षातून दोनदा भेट देतात, त्यातली एक भेट पीक उभे असताना. बाहेरची संस्था मग सगळी शेते पाहत नाही, नमुन्यादाखल काही पाहते. रूढ हिशेब सदस्यसंख्येच्या वर्गमुळाचा आहे: 49 सदस्य असतील तर 7 शेते, 100 असतील तर 10. धोका जास्त वाटला तर ही संख्या वाढते. कोणती सात शेते निघतील हे आधी कळत नाही, आणि त्या सातांतल्या एकाची गंभीर चूक सापडली तर संशय उरलेल्या बेचाळीस जणांवरही जातो.

या कारणाने गट जमवताना नातेवाईक, भाऊबंद आणि राजकीय गोतावळा बाजूला ठेवावा. दोन प्रश्न विचारावेत. पिकावर अळी पडलेली पाहूनही रासायनिक फवारणीकडे न धावता या माणसाला रात्री झोप लागते का? आणि चूक झाली तर तो येऊन सांगेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असलेले पंचवीस जण मिळाले तर तो गट टिकतो. आमच्याकडे एका सदस्याने तणाला कंटाळून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितले. तो तुकडा आम्ही वेगळा काढला, त्याचे रूपांतरण, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय ठरेपर्यंतचा काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, आणि बाहेरच्या तपासणीसाला आम्हीच ते कागद दाखवले. गटाची विश्वासार्हता त्या कागदांनी वाढली.

आता मूळ प्रश्न. आजवर पुष्कळ गट शेतकऱ्यांनी बांधलेले नव्हते. ते व्यापारी कंपनीने किंवा मध्यस्थाने बांधले होते. खर्च त्याने केला, म्हणून दाखला त्याच्या नावावर. अशा गटातील शेतकऱ्याचे शेत सेंद्रिय ठरते, पण तो माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकण्याचा अधिकार दाखलाधारकाकडे राहतो. त्या कंपनीने त्या वर्षी माल उचलला नाही, किंवा बाजारभावावर शे-दोनशे रुपये ठेवून बोळवण केली, तर शेतकरी दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. गेला तर त्याचा माल साधा माल होतो. काही ठिकाणी तर आपले नाव सेंद्रिय गटाच्या यादीत आहे हे त्या शेतकऱ्यालाच माहीत नसते.

युरोपच्या नव्या कायद्याने ही गाठ थोडी सैल केली आहे. तिथे उत्पादक गटाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असावे लागते, गट 2,000 सदस्यांपेक्षा मोठा चालत नाही, आणि सदस्य लहान शेतकरीच असावे लागतात. आपल्याकडेही जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या एनपीओपीच्या आठव्या आवृत्तीत उत्पादक गटाला कायदेशीर दर्जा देण्यात आला. म्हणून माझा आग्रह असा की आधी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था नोंदवावी, तिच्या बैठकीच्या इतिवृत्तात प्रमाणीकरणाचा ठराव घ्यावा, आणि अर्ज तिच्याच नावाने करावा. कंपनी खर्च देऊ करत असेल तर तो आगाऊ रक्कम म्हणून घ्यावा आणि मालाच्या पैशांतून फेडावा. दाखला मात्र गटाकडेच ठेवावा.

जमिनीचे कागद, आणि ज्यांच्याकडे ते नाहीत ते

प्रत्येक सदस्याचा सातबारा, आठ-अ, आधार, गटाशी केलेला करार, आणि शेताचा हाताने काढलेला नकाशा लागतो. नकाशात विहीर, नाला, उताराची दिशा, गोठा, आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे व पिके दाखवावीत. सातबारा आणि आठ-अ ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयातून एप्रिल-मे महिन्यात काढून ठेवावेत, कारण जून लागला की कोणालाच वेळ नसतो. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद आणि आपल्या अर्जातील पीक जुळते का, हे त्याच वेळी पाहावे. सातबाऱ्यावर सोयाबीन आणि अर्जात कापूस असे निघाले तर तपासणीसाच्या पहिल्या पाच मिनिटांतच आपली बाजू लंगडी पडते.

मक्त्याने किंवा बटईने वावर करणाऱ्याची अडचण इथे मोठी आहे. आपल्याकडे मक्ता तोंडी आणि एका हंगामाचा असतो, रूपांतरणाला मात्र दोन ते तीन वर्षे लागतात. जमीन सुधारली, दाखला जवळ आला, आणि मालकाने वावर काढून घेतले तर सगळी मेहनत मालकाच्या सातबाऱ्याला चिकटते. अशा माणसाने किमान चार वर्षांचा लेखी करार आणि मालकाचे संमतिपत्र घेतल्याशिवाय या वाटेला लागू नये, असे मी स्पष्ट सांगतो. बायकांचीही अशीच गत होते. निंदणी, शेण-गोमूत्रापासून बीजामृत व जीवामृत करणे आणि वेचणी ही कामे त्यांच्याकडे असतात, पण सातबारा नवऱ्याच्या नावाने म्हणून सदस्य नवरा आणि प्रशिक्षणालाही नवराच. तपासणीसाने ‘या महिन्यात काय फवारले?’ असे विचारल्यावर सभासद नवरा बायकोच्या तोंडाकडे पाहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रशिक्षणाला दोघांनी यावे, आणि नोंदवहीवर जो काम करतो त्याची सही असावी.

रूपांतरणाची वर्षे आणि त्यांचा हिशेब

हंगामी पिकांसाठी पेरणीआधी 24 महिने आणि संत्रा-मोसंबीसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी सेंद्रिय म्हणून पहिली तोड घेण्याआधी 36 महिने शेत नियमांप्रमाणे चालवावे लागते. 1 जून 2026 ला घड्याळ सुरू झाले तर 1 जून 2028 नंतर पेरलेले पीक सेंद्रिय ठरेल. म्हणजे दोन खरीप आणि दोन रब्बी ‘रूपांतरणातील’ म्हणून जातील. पीजीएसमध्ये या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पुढे ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असे दोन टप्पे असतात. आठव्या आवृत्तीत काही अटींवर हा काळ कमी करण्याची तरतूद आहे. ज्या जमिनीवर रसायन पडलेलेच नाही तिच्यासाठी या तरतुदीचा विचार होऊ शकतो, पण पुरावा कागदोपत्री लागतो. जिथे मुळात रसायन पोहोचलेच नव्हते अशा सलग मोठ्या क्षेत्रासाठी वेगळी योजनाही आहे. तिच्यात पहिल्यांदा अंदमान-निकोबारमधील 14,491 हेक्टर क्षेत्र प्रमाणित झाले. मेळघाट किंवा गडचिरोलीतील ग्रामसभांनी या वाटेचा विचार जरूर करावा.

लहान शेतकऱ्याचे कंबरडे मोडते ते याच दोन वर्षांत. नत्र कमी पडते, तण वाढते, निंदणीची मजुरी वाढते, उत्पन्न घटते, आणि भाव साधाच मिळतो. परंपरागत कृषी विकास योजनेतून मदत मिळते, पण तिचा हिशेब डोळसपणे करावा. योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये आहेत. त्यातले 15,000 निविष्ठांसाठी, म्हणजे बियाणे-खतांसाठी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात, 3,000 प्रमाणीकरण व मालातील रसायनांच्या अवशेषांच्या तपासणीसाठी, 4,500 विक्री-व्यवस्थेसाठी आणि 9,000 प्रशिक्षणासाठी. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती वर्षाला हेक्टरी 5,000, एकरी साधारण 2,000 रुपये. एका एकराच्या दोन निंदण्यांची आजची मजुरी आपल्या गावात किती पडते ते शेजारी लिहून पाहावे, म्हणजे ही मदत कुठवर पुरते ते कळेल.

म्हणून आम्ही नव्या सदस्याला पूर्ण शेत एकदम आणायला सांगत नाही. एक सलग तुकडा घ्यावा, त्यात तूर, मूग, उडीद, हरभरा अशी द्विदल पिके जास्त ठेवावीत, आणि घरखर्च उरलेल्या शेतावर चालवावा. अट एकच: तेच वाण सेंद्रिय तुकड्यातही आणि रासायनिक तुकड्यातही घेऊ नये. दोन्हीकडची तूर सारखीच दिसली तर कोणती कुठली, हे तपासणीसाला पटवून देता येत नाही. आणि उरलेले शेत केव्हा आणणार, याचे वर्ष आराखड्यात लिहून टाकावे.

सल्ला आणि गटबांधणीसाठी ‘आत्मा’ या जिल्ह्याच्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे, तसेच डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या राज्याच्या जैविक शेती मिशनकडे जावे. हे मिशन 2018 मध्ये अकोल्यातून विदर्भातील सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सुरू झाले. पुढे त्याचा विस्तार झाला आणि नावात ‘नैसर्गिक शेती’ आले. नैसर्गिक आणि सेंद्रिय हे दोन वेगळे दाखले आहेत, तेव्हा कोणत्या दाखल्याचे काम चालले आहे हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे.

बियाणे: लाल दाणा ओळखा

जनुकीय बदल केलेले बियाणे पूर्णपणे वर्ज्य आहे. सेंद्रिय बियाणे मिळाले नाही तर साधे बियाणे चालते, पण त्यावर रासायनिक प्रक्रिया केलेली नसावी. दुकानातील बहुतेक पिशव्यांतला दाणा लाल, गुलाबी किंवा निळा दिसतो. तो रंग म्हणजे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळल्याची खूण. तो धुऊन पेरला तरी चालत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा यांचे बियाणे घरचे ठेवावे, उगवण तपासावी आणि ट्रायकोडर्मा, रायझोबियम ही जैविक संवर्धके लावून पेरावे.

खरी अडचण कापसाची. 2002 मध्ये जनुकीय बदल केलेला बीटी कापूस आल्यापासून दुकानात दुसरे बियाणे मिळणे अवघड झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची एकेए-7 सारखी देशी वाणे, किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ‘सूरज’ हे वाण यांची मागणी हंगामाच्या कितीतरी आधी गटाने एकत्र नोंदवावी. बियाणे घरी आले तरी काम संपत नाही. शेजारच्या बीटीचे परागकण येतात आणि जिनिंगमध्ये सरकी मिसळते. पेरणीनंतर महिनाभराने काही झाडांची पाने घेऊन पट्टी-चाचणी करावी. पान चुरडून द्रावणात टाकायचे, पट्टी बुडवायची आणि काही मिनिटांनी किती रेघा उमटल्या ते पाहायचे. चूक या वेळी कळली तर एक वावर वेगळे काढता येते. गठाण बांधल्यावर कळली तर सगळ्या गटाचा कापूस साधा ठरतो.

पिशवीचे लेबल आणि बिल फेकू नये. एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते नोंदवहीला टाचून ठेवावे.

धुऱ्यापलीकडचा शेजारी

आपण काही फवारले नाही तरी वाऱ्याबरोबर येते. एका ऑगस्टमध्ये आमच्या सदस्याच्या पऱ्हाटीची (कापसाच्या झाडांची) शेंड्याकडची पाने अचानक अरुंद झाली, बोटांसारखी फाकली, शिरा एकमेकींना समांतर दिसू लागल्या. रोग समजून त्याने दोन दिवस दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क मारला. नंतर कळले की पश्चिमेच्या शेजाऱ्याने धुऱ्यावरील तणासाठी टू-फोर-डी मारले होते. कापूस या तणनाशकाला इतका हळवा आहे की दूरवरून आलेल्या फवाऱ्यानेही पाने अशी होतात. शेजाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून दाखल्याच्या तयारीत शेजाऱ्याच्या घरी चहाला जाणे हे खरोखरीचे काम आहे. त्याला नकाशा दाखवावा, फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप द्यायला सांगावे, आणि शक्य असेल तर त्याची सही घ्यावी. संरक्षक पट्टा किती रुंद ठेवायचा हे वारा, उतार आणि शेजाऱ्याची फवारणी पाहून ठरते. त्या पट्ट्यात शेवरी, गिरिपुष्प असे उंच वाढणारे लावावे, आणि पट्ट्यातून निघालेले धान्य नेहमी वेगळे काढून साधा माल म्हणून विकावे. वरच्या वावराचे पाणी आपल्यात येत असेल तर चर खोदावा. फवारणीचा पंप कधीही उसना घेऊ नये, देऊही नये.

नोंदवही

प्रमाणीकरणाचा कणा हा आहे, आणि बहुतेक गट इथेच कच्चे राहतात. वर्षाच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात भरलेल्या तीस वह्या तपासणीस दुरूनच ओळखतो. ‘जुलैमध्ये जीवामृत टाकले’ ही नोंद नव्हे. नोंद अशी असावी:

‘14 जुलै. नाल्याकडचा तुकडा, 1 एकर, तूर व सोयाबीन. जीवामृत 200 लिटर, घरचे शेण 10 किलो, गोमूत्र घरचे, गूळ 2 किलो (दुकानाचे बिल जोडले), बेसन 2 किलो. कामावर मी व घरची. संध्याकाळी पाऊस.’

बाहेरून आणलेली प्रत्येक वस्तू संशयाच्या घेऱ्यात असते, म्हणून ती वापरण्याआधी गटाच्या निरीक्षकाला विचारावे. ‘सेंद्रिय टॉनिक’ नावाच्या बाटल्यांत रासायनिक संजीवके किंवा कीटकनाशके मिसळलेली निघतात. दुकानदार शपथ घेतो, पण प्रयोगशाळा शपथ मानत नाही. बाटलीतला माल ही प्रमाणीकरण संस्थेने मान्य केलेली निविष्ठा असल्याचे पत्र मागावे, नसेल तर घेऊ नये. कोंबडीखत मोठ्या पोल्ट्रीतून आणायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. लिहिता न येणाऱ्या सदस्याची वही शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहिली तरी चालते, फक्त ती त्याच आठवड्यात लिहिलेली असावी.

तपासणीचा दिवस

तपासणीस आला की गाव जेवणाच्या तयारीला लागते. जेवण द्यावे, पण आधी शेत दाखवावे. तो गोठ्यात डोकावतो, घराच्या मागे पडलेल्या बाटल्या पाहतो, शेजाऱ्याशी बोलतो, आणि वहीतले आकडे एकमेकांशी ताडून पाहतो: एवढ्या जनावरांत एवढे शेणखत कसे, एवढ्या एकरांत एवढी तूर कशी?

उत्पन्नाचा अंदाज सांगताना विशेष सावध राहावे. एनपीओपीच्या दाखल्यावर सदस्यांचे क्षेत्र आणि पिकाचा अंदाज येतो, तो ट्रेसनेट या संगणक प्रणालीत चढतो, आणि पुढे तेवढाच माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येतो. भीतीपोटी एकरी तीन क्विंटल सांगितले आणि पाच आले, तर वरचे दोन क्विंटल साधे ठरतात. फुगवून आठ सांगितले तर बाहेरचा माल मिसळण्याची तयारी चालली असल्याचा संशय येतो. मागच्या तीन वर्षांच्या नोंदी पाहून खरा आकडा सांगावा. पीक बिघडले किंवा वाढले तर काढणीआधीच संस्थेला लेखी कळवावे.

काढणीनंतर: पोते, मळणी यंत्र, डाळ मिल

आमच्या गटाला सगळ्यात मोठा धक्का बसला तो पोत्यांमुळे. एका सदस्याची तूर उत्तम, वही उत्तम, धुरा उत्तम. खोली उघडली तर तूर युरियाच्या रिकाम्या पोत्यांत भरलेली. तेवढी तूर सेंद्रिय यादीतून गेली, आणि तो माणूस दिवसभर काही बोलला नाही. तेव्हापासून गट दिवाळीआधीच नवी पोती एकत्र विकत आणतो आणि प्रत्येक पोत्यावर सदस्याचा क्रमांक रंगवतो.

भाड्याचे मळणी यंत्र आधी रिकामे फिरवून घ्यावे, आणि पहिले पोते वेगळे काढून साधे म्हणून विकावे, कारण त्यात आदल्या शेतातले दाणे असतात. साठवणीत धुरी देणाऱ्या गोळ्या वर्ज्य आहेत. धान्य कडक उन्हात वाळवून हवाबंद पिशवीत ठेवावे, किंवा घरच्या घरी राख आणि कडुनिंबाचा पाला वापरावा. डाळ करून विकायची असेल तर एनपीओपीत डाळ मिलचेही प्रमाणीकरण लागते. पीजीएसमध्ये गटाने स्वतःच्या मालावर स्वतः केलेली प्रक्रिया बसते, पण माल एकदा गटाबाहेरच्या प्रक्रियादाराच्या हाती गेला की पीजीएसची हमी तिथे थांबते. अख्खी तूर आणि डाळ यांच्या भावातील फरक कोणाच्या खिशात जाणार, हे या एका नियमावर अवलंबून असते. म्हणून लहान डाळ गिरणी गटाने स्वतः घालावी, अशी माझी ठाम शिफारस आहे.

विक्री, करार आणि बाहेर पडण्याची वाट

एनपीओपीत प्रत्येक खेपेच्या विक्रीसोबत व्यवहार प्रमाणपत्र काढावे लागते. ते मागायचा अधिकार दाखलाधारकाला असतो. दाखला गटाच्या कंपनीकडे असेल तर गट दोन-तीन खरेदीदारांना भाव विचारू शकतो. तो खरेदीदाराकडेच असेल तर विचारायला दुसरा कोणी उरत नाही.

खरेदीदाराशी होणारा करार मराठीत मागावा आणि बैठकीत मोठ्याने वाचावा. त्यात पुढील गोष्टी नसतील तर सही करू नये. भाव ‘बाजारभावापेक्षा जास्त’ असा मोघम नको. कोणत्या बाजार समितीचा, कोणत्या तारखेचा भाव आणि त्यावर किती टक्के, हे लिहिलेले हवे. रूपांतरणाच्या वर्षांतील मालाला काय मिळेल, तेही हवे. माल किती दिवसांत उचलणार आणि पैसे किती दिवसांत देणार, याच्या तारखा हव्यात. चाचणीत अवशेष सापडला तर दुसरा नमुना कोणाकडे सीलबंद राहील आणि फेरचाचणीचा खर्च कोण करील, हे ठरलेले हवे. आणि दाखल्याची, सदस्य यादीची व व्यवहार प्रमाणपत्रांची प्रत दरवर्षी गटाला मिळेल, असे कलम हवे.

शेवटचे कलम बाहेर पडण्याचे. एकाच शेताचे नाव एकाच वेळी दोन गटांत नोंदवता येत नाही. त्यामुळे जुन्या गटाने किंवा कंपनीने नाव मोकळे केल्याशिवाय शेतकऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही, आणि हे ना-हरकत पत्र अडवून ठेवले गेले तर एक हंगाम सहज वाया जातो. म्हणून करारातच लिहून घ्यावे की सदस्याने लेखी मागणी केल्यापासून 30 दिवसांत ना-हरकत पत्र आणि त्याच्या शेताच्या आजवरच्या तपासणी अहवालांच्या प्रती दिल्या जातील. ही मागणी पोहोच घेऊन एप्रिलपूर्वी द्यावी, म्हणजे जूनच्या पेरणीआधी नव्या गटात नाव चढते आणि पूर्ण झालेली रूपांतरणाची वर्षे दाखवायला अहवाल हातात असतात.